कर्ज फिटलं, पण घर कुणाचं?



दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आपल्या भागात बोनसशिवाय दुसरा विषय नसतो. भोसरी, आकुर्डी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे. कुठल्या कंपनीत किती मिळाला, कुणाला फक्त मिठाईचा पुडा मिळाला, कंत्राटी कामगारांच्या हातावर काय टेकवलं, हे बसथांब्यापासून नळापर्यंत सगळीकडे बोललं जातं. एखाद्या कारखान्यात पगारवाढीचं ॲग्रीमेंट झालं असेल तर त्याच सुमारास फरकाची रक्कमही हातात येते. पूर्वी या पैशांतून फ्रिज यायचा, मोटारसायकल यायची, गावाकडच्या घरावर पत्रे चढायचे. अलीकडे बचत गटांच्या बैठकांत मात्र एक वेगळं वाक्य वारंवार ऐकू येतं : "यंदा सगळे पैसे लोनमध्ये भरून टाकले."

हे सांगताना बायकांच्या चेहऱ्यावर समाधान असतं आणि ते खोटं नसतं. वीस वर्षांचं घरकर्ज बारा-तेरा वर्षांत फेडायचं, हे आज या पट्ट्यातल्या हजारो कुटुंबांचं ध्येय आहे. त्यासाठी दरमहाच्या हप्त्याखेरीज जमेल तेव्हा जादा रक्कम भरायची. बोनस भरायचा, भिशी लागली की भरायची, दागिना मोडून भरायचा. या अंकाच्या संपादकीयासाठी मी हाच विषय घेतला आहे. कर्जाचे हप्ते हा काही स्त्रीमुक्तीचा विषय नव्हे, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, तो आपल्या अगदी उंबऱ्यावरचा विषय आहे.

आधी हे मान्य करू की कर्जातून लवकर सुटण्याची घाई शहाणपणाची आहे. आपल्या भागाचा इतिहासच ती शिकवतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. साठच्या दशकात टेल्को आणि बजाजसारखे मोठे कारखाने आले. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडी-आकुर्डीच्या माळावर कामगारांसाठी घरं आणि भूखंड निघाले. त्या पिढीला एकदा कंपनीत 'पर्मनंट' झालं की निवृत्तीपर्यंत पगाराची खात्री असे. पुढे ती खात्री गेली. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन २००७ साली बंद झालं. तळेगावच्या जनरल मोटर्सची असेंब्ली लाइन २०२० च्या डिसेंबरात थांबली. चाकणला मोठमोठे परदेशी कारखाने आले, पण त्यांत काम करणाऱ्या मुलांच्या गळ्यातलं ओळखपत्र बहुतेक वेळा ठेकेदाराचं असतं. सात-आठ महिन्यांचा 'ब्रेक' आणि वीस वर्षांचा हप्ता यांचा मेळ बसत नाही. नोकरी कधी जाईल ते सांगता येत नाही, मग कर्ज तरी आधी संपवू, असा सरळ हिशोब माणसं करतात.

हप्ता थकला तर काय होतं हे बायकांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण वसुलीवाला येतो तेव्हा घरी बाईच असते. दार तीच उघडते आणि शेजाऱ्यांच्या नजराही तीच झेलते. तेव्हा कर्ज लवकर फेडणं बायकांच्याही हिताचं आहे, यात मला शंका नाही.

हिशोबही तेच सांगतो. तो नीट समजून घेऊ, कारण बँकेच्या काउंटरवर तो सहसा कुणी समजावून सांगत नाही. वीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत असं धरू. महिन्याचा हप्ता साधारण १८ हजार रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १५ हजार व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम तीन हजारांनी कमी होते. वीस वर्षं असंच भरत राहिलं तर वीस लाखांच्या कर्जापोटी एकूण ४३ लाखांच्या वर पैसे जातात. आता पहिल्या वर्षाच्या अखेरीला कुणी एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तेवढाच ठेवला, तर शेवटचे सुमारे सत्तावीस हप्ते वाचतात. म्हणजे आज भरलेला एक लाख पुढचे जवळजवळ पाच लाख वाचवतो. तोच एक लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरला तर जेमतेम आठ हप्ते वाचतात. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरत गेलं तरी कर्ज सुमारे साडेतीन वर्षं आधी संपतं. जादा पैशाची ताकद सुरुवातीच्या वर्षांत असते, ती या कारणाने.

नियमही बऱ्यापैकी कर्जदाराच्या बाजूचे झाले आहेत. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायचा नाही, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना दिला. २०२२ च्या मेपासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तेवढाच ठेवून मुदत गुपचूप वाढवली. पाच वर्षं हप्ते भरूनही कर्जाची वर्षं कमी होण्याऐवजी वाढलेली पाहून कित्येक जणी चक्रावल्या. त्यानंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की व्याजदर बदलला तर त्याचा परिणाम कर्जदाराला कळवावा लागेल, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आगाऊ भरायची हे ठरवण्याचा अधिकार त्याला द्यावा लागेल. जादा रक्कम भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्यायचं, ही गोष्ट मी प्रत्येक बैठकीत सांगते.

मी 'कर्जदाराला' असं लिहिलं. खरी गोष्ट इथेच सुरू होते. हा कर्जदार कोण? आणि ती जादा रक्कम आली कुठून?

गेल्या काही वर्षांत वेगवेगळ्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत मी हा प्रश्न बायकांना विचारत आले. उत्तरं फार वेगळी नसतात. मोशीजवळ राहणारी एक जण वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात दहा वर्षं उभ्याने काम करते. तिचा पगार घरखर्चाला, नवऱ्याचा पगार हप्त्याला, अशी वाटणी लग्नानंतर लगेच ठरली. दोघांचा मिळून संसार चालला, पण बँकेच्या पासबुकात हप्ता फक्त त्याच्या नावाने जातो. तिने भरलेलं वाणसामान, शाळेची फी, सासूबाईंची औषधं यांची पावती कुठेच नाही. चाकणजवळच्या नाणेकरवाडीत एक बाई एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे देते. पहाटे चारला पोळ्या सुरू होतात. डब्यांचे पैसे ती चार वर्षं साठवत होती. दीड लाख झाले तेव्हा घरात ठरलं, की लोनमध्ये टाकू. 'ठरलं' म्हणजे कुणी ठरवलं, असं विचारल्यावर ती हसली. चिखलीतल्या तिसरीने माहेरचं सात तोळे सोनं मोडलं. तिचं म्हणणं असं, की सोनं कपाटात पडून व्याज तर वाढतच होतं.

या तिन्ही घरांचे दस्त नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहेत.

जादा हप्त्याचा पैसा आकाशातून पडत नाही. पगार ठरलेला असतो, हप्ता ठरलेला असतो. त्यावर जे उभं राहतं ते घरातल्या बाईच्या पोटाला आणि कष्टाला चिमटा काढून उभं राहतं. रिक्षाऐवजी चालत जाणं, दुखणं अंगावर काढणं, मुलीचा क्लास पुढच्या वर्षावर ढकलणं, सणाला माहेरी न जाणं. काटकसर ही बाईची कला आहे, असं आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. त्या कलेतून वाचलेला प्रत्येक रुपया वीस वर्षांच्या कर्जाची मुदत घटवतो आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याची मालमत्ता वाढवतो. बाईजवळ मात्र, उद्या वेळ आली तर हातात घेऊन बाहेर पडता येईल असं जे काही थोडंफार होतं, ते संपतं. कर्जखात्यावरची बाकी शून्य होते तेव्हा तिचं स्वतःचं खातंही शून्य झालेलं असतं.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे काही घरांत बाईच्या नावावर नवं कर्ज काढून जुनं घरकर्ज फेडलं जातं. सूक्ष्म वित्त संस्थांची गटकर्जं बायकांनाच सहज मिळतात. आठवड्याचा किंवा महिन्याचा हप्ता तिच्या सहीवर, व्याज घरकर्जाच्या दुपटीहून जास्त, आणि पैसे जातात नऊ टक्क्यांच्या कर्जात. हिशोबाने हा निव्वळ तोटा आहे. नात्यांच्या दृष्टीने पाहिलं तर त्याचं बुडणारं कर्ज तिच्या गळ्यात आलेलं असतं. आधी महाग कर्ज फेडायचं, घरकर्ज सगळ्यात शेवटी, हे साधं सूत्र प्रत्येक बचत गटाच्या फळ्यावर लिहिलेलं असायला हवं.

"नवरा-बायकोत तुझं-माझं कसलं?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो विचारणाऱ्या बऱ्याचदा बायकाच असतात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण कायदा तुझं-माझं करतो. महाराष्ट्रात लग्न झाल्याने नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोची मालकी आपोआप तयार होत नाही. लग्नानंतर दोघांच्या कष्टाने जे उभं राहिलं ते दोघांचं, असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. शेजारच्या गोव्यात तो आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या तिथल्या कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती पती-पत्नी दोघांची धरली जाते आणि घर विकायला दोघांची संमती लागते. सावंतवाडीतून बांद्याच्या पुढे गेलं की बाईचा अर्धा हक्क सुरू होतो आणि अलीकडे परत आलं की संपतो. लग्न, कष्ट, संसार दोन्हीकडे सारखेच असतात, तरीही.

२०२३ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका खटल्यात म्हटलं, की गृहिणीने घर सांभाळलं म्हणूनच नवरा कमावू शकला. त्यामुळे त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा समान वाटा आहे. आपण इतकी वर्षं जे घसा कोरडा करून सांगतो ते न्यायालयाच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. पण एका उच्च न्यायालयाचा निकाल म्हणजे देशाचा कायदा नव्हे. त्याच्या भरवशावर बोनस भरू नये.

सोन्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की अडचणीच्या वेळी नवरा स्त्रीधन वापरू शकतो, पण ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. निकाल आपल्या बाजूचा आहे. पण मोडलेल्या सोन्याची पावती, विक्रीची तारीख आणि त्यानंतर कर्जखात्यात भरलेली रक्कम यांचा दुवा कागदावर नसेल तर कोर्टात सिद्ध काय करणार? सराफाची चिठ्ठी बहुतेक घरांत त्याच दिवशी फाडून टाकली जाते.

कर्जाच्या कागदांवर सही असली म्हणजे घरावर हक्क आला, हाही मोठा गैरसमज आहे. नोकरी करणाऱ्या बायकोचा पगार जोडला की कर्ज जास्त मिळतं, म्हणून तिला सहकर्जदार करतात. सहकर्जदार म्हणजे कर्ज फेडायला बांधील व्यक्ती. घराची मालक ती, जिचं नाव खरेदीखतात आणि इंडेक्स टूमध्ये आहे. बायको सहकर्जदार आहे पण सहमालक नाही, अशी घरं या पट्ट्यात भरपूर आहेत. तिच्याकडे देणं पूर्ण आहे आणि घेणं शून्य. नवरा निघून गेला तरी बँक तिच्याकडे येणार, आणि घर विकलं तर पैसे त्याच्या खात्यात जाणार.

सोसायटीच्या अर्जात 'नॉमिनी' म्हणून नाव आहे, त्यावर समाधान मानणाऱ्याही अनेक जणी आहेत. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. नॉमिनी ही वारसांच्या वतीने घर सांभाळणारी असते. नवरा मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायद्यानुसार घराचे वाटे बायको, मुलं आणि त्याची आई यांच्यात सारखे पडतात. मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणींना त्यांचे त्यांचे कायदे लागू होतात. त्यांतही विधवेला मिळतो तो एक हिस्सा, पूर्ण घर नव्हे. सासूचा हक्क मी नाकारत नाही, तीही बाईच आहे. पण पंधरा वर्षं स्वतःची कमाई ज्या घरात ओतली त्या घरात आपला वाटा किती, हे नवऱ्याच्या मृत्यूनंतर कळू नये.

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने २००५ साली बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, तो फार मोलाचा आहे. त्याच कायद्याखाली घर विकण्याला किंवा गहाण टाकण्याला मनाई मागता येते. अनेकींना आम्ही या आधारावर घरात परत नेलं आहे. पण राहण्याचा हक्क आणि मालकी यांत अंतर आहे. हक्काने राहते त्या बाईला रोज भांडून राहावं लागतं. मालकिणीला तसं राहावं लागत नाही.

म्हणून माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर असं : आधी नाव, मग जादा हप्ता.

ही मागणी नवी नाही. शेतकरी महिला आघाडीच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली आणि गावोगावच्या पुरुषांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. शरद जोशींच्या बाकीच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकींचे मतभेद होते, आहेत. पण बाईच्या कष्टांचं देणं सातबाऱ्यावर फेडायचं, ही कल्पना पुरुषांच्या संघटनेने उचलली, हे विसरता येणार नाही. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. त्याच दशकात परित्यक्तांच्या परिषदांतून 'हक्काचं घर' ही मागणी घुमली. शेतीबाबत जे तेव्हा बोललो ते आज टू-बीएचकेबाबत बोलायला हवं. आपल्या पट्ट्यातला कामगार आज ज्या एका मालमत्तेसाठी आयुष्य गहाण टाकतो ती म्हणजे हा फ्लॅट.

मार्ग कोणते आहेत? घर नव्याने घेत असाल तर करारनाम्यातच दोघांची नावं घ्या, यासाठी वेगळा खर्च नाही. पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांना घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर घेण्याची अट होती. त्यामुळे चऱ्होली आणि बोऱ्हाडेवाडीसारख्या प्रकल्पांत कितीतरी बायकांची नावं पहिल्यांदाच मालमत्तेच्या कागदावर आली. राज्य सरकारने १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. ती केवळ बायकांच्या नावावरच्या खरेदीला मिळते, नवऱ्यासोबतच्या संयुक्त खरेदीला नाही. ही सवलत घेताना एक सावधगिरी हवी. टक्का वाचवायला तिचं नाव लावायचं आणि व्यवहार सगळा त्याने करायचा, असंही होतं. आपल्या नावावर घर आहे म्हणजे कर्ज किती, हप्ता किती, कागद कुठे आहेत, हे आपल्याला तोंडपाठ हवं.

घर आधीच नवऱ्याच्या नावावर असेल तर बक्षीसपत्राने हिस्सा देता येतो. पती-पत्नीतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर राज्याने २०१५ साली मुद्रांक शुल्क नाममात्र दोनशे रुपये केलं. स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा पडतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. घरावर कर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी संमती लागते. चाकणच्या आसपासच्या गावांत गुंठेवारीच्या जागेवर बांधलेली घरं ग्रामपंचायतीच्या नमुना आठला लागलेली असतात. तिथे दोघांची नावं लावण्यासाठी ग्रामसेवकाकडे अर्ज करता येतो. अशा घरांना मोठ्या बँका सहसा कर्ज देत नाहीत. पतसंस्था किंवा छोट्या कंपन्यांचं महाग कर्ज असतं. ते लवकर फेडण्यात फायदा जास्त आहे, पण फेडीचा दंड आहे का, हे करारात आधी वाचावं.

"नाव लाव म्हटलं तर घरात भांडण होईल," असं एक जण म्हणाली. होईल. तिला मी विचारलं, ज्या घरात नाव मागितल्याने भांडण होतं, त्या घरात नाव नसताना तुझी काय सोय आहे? तिने उत्तर दिलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. प्रत्येकीने आपली वेळ आपण ओळखायची असते. पण एक गोष्ट मी पाहिली आहे. बोनस हातात असताना, सोनं अजून कपाटात असताना मागणी केली तर तिला वजन असतं. पैसे भरून झाल्यावर ती विनवणी होते. आणि असे नवरेही मी पाहिले आहेत, ज्यांना हे कधी सुचलंच नव्हतं. कुणी सांगितल्यावर ते पुढच्याच आठवड्यात कागद घेऊन आले. त्यांच्याशी आपलं भांडण नाही.

सगळे पैसे कर्जात ओतू नका, हेही सांगायला हवं. घरात गेलेला पैसा अडीनडीला परत काढता येत नाही. ज्या पट्ट्यात ब्रेक, ले-ऑफ आणि अपघात रोजचे आहेत तिथे निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला राहायला हवेत, आणि त्यातला काही भाग बाईच्या एकटीच्या खात्यात. मुलीच्या शिक्षणाचे पैसे काढून कर्ज दोन वर्षं आधी संपवलं तर त्या कर्जमुक्तीची किंमत मुलीने दिली, असं म्हणावं लागेल.

पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने एक बैठक या विषयाला द्यावी, अशी विनंती आहे. घरातले कागद घेऊन या आणि एकमेकींना पुढचे प्रश्न विचारा :

१. खरेदीखतात आणि इंडेक्स टूमध्ये कुणाचं नाव आहे? ग्रामपंचायतीत असेल तर नमुना आठवर कुणाचं?

२. कर्जात तू सहकर्जदार आहेस की जामीनदार, की तुझी सही कुठेच नाही?

३. कर्ज किती बाकी, व्याज किती टक्के, मुदत किती राहिली? मुदत परस्पर वाढवली गेली आहे का?

४. आजवर भरलेल्या जादा रकमांत तुझा पैसा किती? त्याचा पुरावा काय? पुढची रक्कम तुझ्या खात्यातून थेट कर्जखात्यात जाईल का?

५. कर्ज फिटल्यावर कागद कोण आणणार? पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत करणं आणि बोजा उतरवणं कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी बँकेत दोघांनी जावं.

६. नोकरी गेली, आजारपण आलं, घर सोडावं लागलं, तर तुझ्या एकटीच्या खात्यावर किती महिने निघतील?

यांतल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल तर लाजायचं कारण नाही. ते कुणी आपल्याला कधी सांगितलं नाही, म्हणून माहीत नाही. ज्या गटांना कागद वाचायला मदत हवी असेल त्यांनी कळवावं. आमच्यातल्या वकील मैत्रिणी आणि मी येऊ. बैठकीत काय निघालं तेही लिहून पाठवा, नावं न घालता चालेल. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.

वस्तीत कुणाचं कर्ज फिटलं की पेढे वाटतात. पेढे जरूर वाटावेत, ते कष्ट थोडेथोडके नसतात. पेढा घेताना मात्र त्या घरच्या बाईला हळूच विचारा, "तुझं नाव लागलं का गं?"